पाठमोरी

ओल्या कागदाचा वास आला की पांडेसऱ्याच्या गिरणी-वस्तीतली ती गल्ली आठवते. मी साडीच्या मिलमध्ये डिझाइनं काढायचो आणि रविवारी जलरंगात नळावरच्या बायका रंगवायचो. समोरच्या घरातली खानदेशची सून परक्या पुरुषासमोर कायम पदर पुढे ओढून असायची. "पाठमोरी काढा भाऊ, तोंड नको," एवढंच म्हणाली होती. शहरातल्या हॉलमध्ये माझं प्रदर्शन चालू असतानाच ती काविळीनं गेली. दोन-चार दिवसांनी मुंडण केलेला तिचा नवरा हॉलवर आला आणि कपडे पिळणाऱ्या त्या पाठीसमोर थबकला. "भाऊ, तिना एकबी फोटो नही. येले तोंड काढी द्या ना." मी काय काढणार? तिचं तोंड मी कधी पाहिलंच नव्हतं. शेवटी तेराव्याला त्यांच्या घरी तेच चित्र पाटावर ठेवून त्याला हार घातला आणि माणसं येऊन तिच्या पाठीला नमस्कार करू लागली. तेवढ्यात तिची लहानगी मुलगी उठली आणि आईचं तोंड बघायला चित्राच्या मागे गेली. आजही पाठमोरी बाई रंगवून झाली, की मी कागद उलटा करतो आणि मागे पेन्सिलीनं एक चेहरा काढून ठेवतो.