मुक्या सिनेमातली बाई

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर दुपारी जेवून सिनेमा बघितला. अमेरिकेत मुलाकडे होतो, तिथल्या फ्रीमाँट गावच्या लायब्ररीतून सीडी हिनंच निवडून आणली होती. कुणा मोठ्या जपानी दिग्दर्शकाचा अगदी सुरवातीचा, मुका सिनेमा. सून म्हणाली, "आई, त्याचे पुढचे सिनेमे सगळे बघतात, हा कोणी नेत नाही."

"बोलणंच नाही ना? मग इंग्रजी येत नसलं तरी आमचं भागेल," ही म्हणाली.

मधे मधे अक्षरं यायची, ती आम्हाला कुठली वाचता येणार? मग हीच मनानं बोलायची. त्यातला नवरा चिलीम ओढत बसला की म्हणायची, "अहो, उठा आता, बूड चिकटलं का?" मी हसत होतो.

पुढं त्यातली बायको गाठोडं बांधायला लागली. ही म्हणाली, "मला घरी न्या. इथं चोवीस तास पाणी, पण नळावर भांडायला कोणी नाही."

"जपानात कुठला आलाय नळ?"

"मग आपल्या दारातला समजा."

मी टीव्ही बंद केला. "पुरे बडबड. चहा टाक."

तिचं ते बोलणं मला लागलं होतं. सहा महिन्यांसाठी आलो होतो आम्ही. मुक्काम वाढवायचा फॉर्म मुलानं माझ्याकडे दिला होता, आईला विचारून सही घ्या म्हणून. मी विचारलंच नाही. विम्याचा कागद आहे असं सांगितलं. "इथंच ना?" म्हणत तिनं एकेक अक्षर काढून सही केली. मुलाला म्हणालो, आईलाच राहायचंय. इथलं गरम पाणी, पार्कातल्या बाकावरचे म्हातारे, हे मला सोडवत नव्हतं. ती मात्र समजून होती की मुलगाच आपल्याला जाऊ देत नाही.

आधण ठेवता ठेवता ती ओट्याशी खाली बसली. हॉस्पिटलात नेली, पण दिवस मावळायच्या आत गेली. हृदय बंद पडलं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माणसं यायच्या आधी, मी उरलेला सिनेमा लावला. बाई गाठोडं घेऊन निघाली. तिचे ओठ हलत होते, ती काय म्हणते ते सांगायला कोणी नव्हतं.

मुलगा बाहेर आला. "बाबा, आत्ता हे काय लावलंय?"

मी त्याला समोर बसवलं आणि त्या सहीचं सांगून टाकलं.