खरे पाहुणे

आमच्या आळीचं चोरांपासून रक्षण करण्यासाठी जे मंडळ निघालं होतं, त्याने आपल्या सगळ्या हयातीत तीन माणसं पकडली. तिन्ही माणसं मला बघायला आलेली होती.

ही गोष्ट डोंबिवलीची. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, देशाची घटनाही नवी कोरी होती, त्यामुळे चार माणसं जमली की मंडळ काढायची आणि मंडळाला घटना लिहायची लोकांना फार हौस. आमची आळी भाताच्या शेतात नव्यानेच उभी राहिली होती. बैठ्या चाळी, पुढे चिखल, मागे बेडूक आणि घरटी एक कारकून. (ज्या घरात दोन कारकून, ते घर श्रीमंत.) शेजारच्या जोगळेकरकाकांचं तांब्याचं घंगाळ अंगणातून नाहीसं झालं आणि लगेच आळी संरक्षण मंडळ स्थापन झालं. काका लष्कराच्या हिशेबखात्यात होते. महायुद्ध त्यांनी फक्त बेरजेत पाहिलं होतं, तरी ते सेनापती झाले. आमचे अण्णा ठाण्याला कचेरीत मसुदे लिहीत, म्हणून ते चिटणीस.

अण्णांनी पहिल्याच दिवशी कोपऱ्यावरच्या चिंचेला एक काळा फळा टांगला.

"नागरिक अज्ञानात राहता कामा नये," ते म्हणाले.

फळ्यावर रोज सकाळी सूचना लागे. मजकूर अण्णांचा, अक्षर माझं. माझं अक्षर मोत्यासारखं होतं. बाकी माझ्यात काय काय मोत्यासारखं नाही, ते तोवर तीन स्थळांनी बघून सांगितलं होतं. एकाला रंग खटकला, एकाला उंची, आणि एकाला चष्मा. (तो स्वतः जाड भिंगांतून माझा चष्मा न्याहाळत होता.)

पहिली सूचना होती, 'अनोळखी इसमांनी आळीत येऊ नये.' तिच्यात पहिली सापडली भाजीवाली पारूबाई. जवळच्याच गावातली, आमच्या आधीपासून इथली. काकांनी तिला चिंचेखाली अडवलं.

"कोन अनोलखी?" पारूबाई टोपली खाली ठेवत म्हणाली. "तुमचे चुलीखाली माझे सासऱ्याचा भात व्हता."

तरी काकांनी टोपलीची झडती घेतलीच. आत भेंडी निघाली. कोवळी होती म्हणून सेनापतींनी ती घेतली, आणि वर भावात घासाघीसही केली.

मग प्रश्न निघाला इशाऱ्याचा. "'चोर चोर' ओरडलं की चोर सावध होतो," काका म्हणाले. "सांकेतिक शब्द पाहिजे." अण्णा जेवतानाही त्याच विचारात. आमटी गार होत होती, मी वाढायला ताटकळले होते, म्हणून मीच वैतागून म्हणाले, "पाहुणे म्हणा. न सांगता येतात आणि घरात असेल-नसेल तेवढं संपवून जातात."

मी थट्टेत बोलले होते. अण्णांनी हातातला घास खाली ठेवला.

"अगं ऐकलंस का," ते आईला म्हणाले, "ही मुलगा असती तर कलेक्टर झाली असती."

मुलगी असल्यामुळे मला कलेक्टर होता आलं नाही, पण शब्द मंजूर झाला. त्याला जोडून बाकीचा संकेतही ठरला. 'पाहुणे आले' म्हणजे चोर आला. 'चहा टाका' म्हणजे आळीची दोन्ही तोंडं अडवा. 'पोहे द्या' म्हणजे झोडपा. घराघरांतून हे पाठ करून घेण्यात आलं. त्यानंतर आळीत कोणी कोणाला चहाला बोलावीनासं झालं, ही एक बचतच झाली म्हणायची.

पुढच्या काही दिवसांत दोनदा 'पाहुणे आले' झालं. एकदा ते मांजर निघालं आणि एकदा कल्हईवाला. मांजर शांतपणे गेलं. कल्हईवाला भाता टाकून पळाला. दोन्ही वेळा उघड्या अंगाने धावत आलेले काका संतापले.

"हे खोटे पाहुणे पुरे झाले. यापुढे खरे पाहुणे असतील तरच मला बोलवा!"

अशा वातावरणात मला चौथं स्थळ सांगून आलं. मुलगा ठाण्याला शाळेत मास्तर होता. माझ्या मामांच्या ओळखीतलं घर. मामा म्हणाले, मुलाला नोकरी करणारी बायको चालेल, उलट शिकवणारी असेल तर बरंच. मी मॅट्रिक होते आणि मला शाळेत शिकवायचं होतं. आधीच्या स्थळांपुढे मी मान खाली घालून बसले होते. या वेळी मान वर करून बघायचं, असं मी ठरवून टाकलं. हे लग्न जमावं असं मला मनापासून वाटत होतं. तसं वाटण्याची माझी ती पहिलीच वेळ.

दिवस ठरला रविवार, म्हणजे आळीतला झाडून सगळा पुरुषवर्ग घरी. आईला धास्ती वाटली.

"अहो, कोणी 'पाहुणे' ऐकलं आणि धावत आलं तर?"

"म्हणून तर फळा आहे," अण्णा म्हणाले. घरोघर जाऊन सांगणं त्यांना पसंत नव्हतं. तोंडी गोष्टीला पुरावा नसतो, असं ते म्हणत. त्यांनी मजकूर सांगितला, 'आज दुपारी चिटणिसांच्या घरी पाहुणे येणार आहेत. नागरिकांनी घाबरू नये.'

मी खडू घेऊन थांबले. मला शंका आली. (माझ्या आयुष्यातली सगळी नुकसानं माझ्या शंकांनी केली आहेत.)

"अण्णा, 'खरे पाहुणे' लिहू का? म्हणजे घोटाळाच नको."

"लिही, लिही. किती नेमका शब्द!"

मी 'खरे' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

तासाभरात आळी चिडीचूप झाली. विहिरीवर काकांनी अण्णांना गाठलं आणि त्यांचा हात हातात घेतला.

"चिटणीस, बातमी पक्की?"

"पक्की. चार वाजता. तिघं आहेत."

"कुठले?"

"ठाण्याचे. आमच्या मेहुण्यांच्या ओळखीतलेच."

काकांनी अण्णांकडे फार करुणेने पाहिलं. "प्रत्येक घरात एखादा मेहुणा असा असतोच," ते म्हणाले. "धीर सोडू नका. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत."

अण्णा घरी आले ते डोळे पुसतच. "लेकीच्या बापाला असा शेजार मिळायला भाग्य लागतं," ते आईला म्हणाले.

चार वाजता मी खिडकीच्या फटीतून बघत होते. पुढे मुलाचे वडील, मागे त्याचा मामा छत्री घेऊन, आणि शेवटी तो. वडील फळ्यापाशी थांबले. त्यांनी सूचना वाचली, प्रसन्न झाले, टोपी सारखी केली आणि मोठ्याने म्हणाले, "खरे पाहुणे! काय मान देतात हो हे लोक!"

तेवढ्यात काकांची शिट्टी वाजली. दारादारांतून माणसं बाहेर पडली. कोणाच्या हातात कपडे वाळत घालायची काठी, कोणाच्या हातात मुसळ. एकाला काहीच मिळालं नव्हतं, तो पाट घेऊन आला होता.

"चहा टाका!" काका गरजले. आळीची दोन्ही तोंडं बंद झाली.

"अहो, चहाची एवढी घाई नाही," मुलाचे वडील हात जोडून म्हणाले.

"कोण तुम्ही?"

"आम्ही पाहुणे."

"कबूल करतोय," पाटवाला म्हणाला.

आई आत पोह्यांना फोडणी देत होती. त्या आवाजात तिला फक्त 'चहा' आणि 'पाहुणे' ऐकू आलं. ती आनंदाने आतून ओरडली, "पोहे तयार आहेत! देऊ का?"

आळी क्षणभर थबकली. हुकूम थेट चिटणिसांच्या घरातून आला होता. तरी कोणी हात उचलला नसता. पण इतक्या वेडगळ बोलण्यात एक ओळखीचा शब्द ऐकून मुलाच्या वडिलांचा जीव भांड्यात पडला होता. ते म्हणाले, "हो, हो, द्या पोहे. आम्ही त्यासाठीच तर आलो आहोत."

इतक्या नम्रपणे मार मागणारा चोर आळीने पाहिला नव्हता. त्याला निराश करणं आळीला जमलं नाही.

अण्णा पानाचं तबक घेऊन बाहेर धावले. "अहो, काय करताय? हे खरे पाहुणे आहेत!"

"म्हणून तर!" काका म्हणाले, आणि मामाची छत्री मोडली.

"खरे! खरे!" अण्णा जिवाच्या आकांताने ओरडत होते, आणि ते जितकं ओरडत तितका लोकांना चेव येत होता.

शेवटी मीच दार ढकलून बाहेर गेले. शालू नेसलेली, डोक्यात गजरा, आणि काकांच्या हातातली काठी दोन्ही हातांनी धरून ठेवलेली. अशा थाटात मी स्वतःला दाखवलं. "काका, हे मला बघायला आलेत!"

सगळं शांत झालं. पाटवाल्याने पाट खाली ठेवला, आणि कसं सुचलं कोण जाणे, त्याने मुलाच्या वडिलांना त्यावर बसण्याची खूण केली. ते बसले नाहीत. चिंचेखालून उठून आलेल्या पारूबाईने त्यांची टोपी चिखलातून उचलली, पदराने पुसली आणि मला म्हणाली, "तुमचे आलीन पावन्यांना काठीनी वाढतान का गो?"

मी ठरवल्याप्रमाणे मान वर करून मुलाकडे पाहिलं. तो चिखलात बसला होता, कोटाची एक बाही उसवली होती, आणि तो हसत होता. मला तो आवडला. अजूनही सांगते, फार आवडला.

पण बोलणी त्याच्या हातात नव्हती. न बसता, न खाता वडील निघाले आणि फळ्यापाशी पुन्हा थांबले.

"हे कोणी लिहिलं?"

अण्णांना यातही आशा दिसली. "आमच्या मुलीने. अक्षर बघा, कसं मोत्यासारखं!"

काकांनाही आता भरपाई करायची होती. "आणि 'पाहुणे' हा संकेतही तिचाच बरं का! फार हुशार मुलगी."

"'खरे' हा शब्दसुद्धा तिचाच," पाटवाला म्हणाला. "खालच्या रेघांसकट."

सगळ्या आळीने मिळून माझी इतकी शिफारस पूर्वी कधी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'मंडळाच्या तत्परतेबद्दल नागरिकांचे अभिनंदन' असं लागलं. तेही मीच लिहिलं. त्याच आठवड्यात काकांचं घंगाळ कल्याणला त्यांच्या बहिणीकडे सापडलं. भाच्याच्या मुंजीसाठी काकाच ते पोचवून आले होते. ही बातमी मात्र नागरिकांना कळवण्यात आली नाही.

ठाण्याहून माझ्या मामांच्या हाती नकार आला. आधीच्या स्थळांनी मला निदान बघून नाकारलं होतं. या घराने वाचून नाकारलं.