दादाची खरवड

चहा घ्या आधी, निवेल. आणि हसू आलं तर खुशाल हसा, मी रागावणार नाही. रागावून मी काय करून बसतो, तेच तर सांगायचंय तुम्हाला!

दादाच्या दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर पाच-सहा बसलेले, सगळे आमच्याकडे पाठ करून. मामा म्हणाले, "त्याची काही इच्छा राहिली असंल. बोला कोणीतरी." बाबा म्हणाले, "तुझा टेम्पो विकत नाही बाप्पा." नाही. मामा म्हणाले, "मायबापाले सांभाळतो आम्ही." तरी नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी मी, सातवीत शाळा सोडलेला, बोलून झाल्यावर विचार करणारा मी, ओरडलो, "दादा, आईले मी नेतो इराण्याकडं जेवाले!"

कावळा खाली!

आता इराणी म्हणजे काय, तर देऊळगाव राजात आमच्या मळ्याच्या रस्त्यावरचं एक हॉटेल. चालवणारे चाचा गावचेच, पण दुबईत वीस वर्षं एका इराण्याच्या स्वयंपाकघरात राबले आणि तोच स्वयंपाक इथं घेऊन आले. आमची कोथिंबीर-पुदिना दादा त्यांच्याकडं पोचवायचा, तिथंच जेवायचा. "आई, तुले एकदा नेतोच," हे वर्षभर चाललेलं. मग एका सकाळी छातीत कळ आली. बत्तीस वर्षांचा होता.

तेव्हापासून आई अर्धी भाकर पाण्यात बुडवून गिळायची आणि ताट सरकवायची. महिनाभर हेच. मला वाटलं, दादाच्या जागी नेली तर पोटभर जेवेल. बाकी काही नको होतं मला.

गेलो तिघंही. चाचांना दादा गेल्याचं ठाऊक होतं. बाबांचा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही. मग टेबलावर पहिलं काय आलं? ताटभर कच्चा पाला! पुदिना, कोथिंबीर, मुळे, कांद्याची पात. "शुरू करो, मांजी," म्हणून चाचा आत गेले.

आईनं ताट पुढं ओढलं आणि निवडायला घेतलं. काड्या इकडं, पानं तिकडं. बाबाही पिवळी पानं काढू लागले.

"आई, निवडू नको. खायचंय ते."

"असंच? न निवडता?"

"आपलीच कोथिंबीर हाय," बाबा हळूच म्हणाले. झालं, दोघांचेही हात थांबले. तसा दादा गेल्यापासून कोथिंबीर तोडून मीच पाठवत होतो, पण त्या क्षणी ती मला पाहवेना.

भात आला, वर लाल आंबट फळं. वांग्याचं कालवण आलं. आईनं दोन शितं तोंडात घातली आणि ताट सरकवलं. तेव्हाच माझं डोकं तापायला लागलं होतं.

एवढ्यात चाचा दोन्ही हातांनी एक झाकलेली थाळी घेऊन आले, आईपुढं ठेवली आणि झाकण काढलं. आत काय? पातेल्याच्या तळाला लागलेला भात! टणक, लालकाळा, ताटाएवढा गोल. खरवड हो! तुम्हीच सांगा, आपल्या पंगतीत खरवड कोणाला जाते? सगळे उठून गेल्यावर कुत्र्यालाच ना?

"चाचा, हे काय?"

"अरे बेटा, ये तो खास—"

"खास? आमच्या घरचं माणूस गेलं, अन् तुमी मायेले करपलेलं वाढता? काऊन? मळ्यातले लोक म्हणून?"

"गजू, बस खाली," बाबा म्हणाले.

"सुन तो बेटा..."

ऐकतो कोण! उचलली थाळी, गेलो दारात आणि दिली भिरकावून सगळी खरवड रस्त्यावर. एक पिवळं कुत्रं बसलंच होतं. कडाम-कुडूम, कडाम-कुडूम!

चाचा माझ्यामागं येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "एका पातेल्यात एकच निघते. इराणी लोक सगळ्यात मोठ्या पाहुण्याले देतात. तुझा भाऊ रोज मागे. म्हणे, माझ्या मायेले लय आवडते, तिले आणतो तवा अख्खी ठेवजा."

आणि तेव्हा मला आठवलं. घरी भात लागला की आई अन् दादा चुलीपाशी खरवडीवरून भांडायचे. मी मात्र मऊ भात खाणारा!

दहाव्याला कावळ्यानं सगळ्यांना उन्हात उभं केलं होतं. कुत्र्यानं दोन मिनिटंही लावली नाहीत. आत बसल्या जागेवरून बाबा म्हणाले, "शिवलं."

बाबांचा हा विनोद होता. महिन्यातला पहिला. मला रडू आलं.

वळून पाहिलं, तर मी थाळी उचलताना टेबलावर पडलेला एक तुकडा आईनं उचलला होता. दाताखाली कुडूम वाजलं. ती चावत राहिली, डोळे पुसत चावत राहिली. मग चाचांना म्हणाली, "भाऊ, पुन्हा कधी लावसान पातेलं?"

"परवा या, मांजी."

परवा गेलो. तिथून दर आठवड्याला जातो. आई भातही खाते आता, पण खरवड आल्यावर. चाचा ती दोन्ही हातांनी आणतात, पण आईपुढं ठेवायच्या आधी जाऊन हॉटेलचं दार लावून घेतात.

कुत्रं आत येईल म्हणून नाही हो. मी बाहेर जाईन म्हणून!