शेगडीमागचा हात

मेपल फोर्कच्या इतिहास मंडळातली माणसं सगळी चांगली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणीही म्हणेल, काय नालायक लोक आहेत! नालायक कुणी नव्हतं. निवृत्त मास्तर, निवृत्त प्लंबर, दोन-चार विधवा बायका, आणि सगळ्यांना जुन्या वस्तूंचा भारी उमाळा. बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात त्यांनी संग्रहालय थाटलं होतं. जुनी टोपी दिसली, ठेव काचेत. जुनी किटली दिसली, ठेव काचेत. गावात जुनी माणसंही होती, पण ती काचेत मावत नाहीत आणि वर बोलतात.

त्या हिवाळ्यात मंडळानं हाल्वर्सन कंपनीचा विषय हाती घेतला. वर गॅसचे चार बर्नर, खाली ओव्हन, अशा मोठ्या शेगड्या ही कंपनी बनवायची. एका लाकडी शेडमधून सुरू झालेला कारखाना नदीपर्यंत कसा वाढत गेला, याचं प्रदर्शन भरवायचं होतं. कारखाना कधीच बंद पडलेला, पण मालकाचा नातू हयात होता आणि खर्च तोच करणार होता. गाव त्याला अजून ‘धाकटा हाल्वर्सन’ म्हणतं. हा धाकटा आता काठी टेकत चालतो. प्रदर्शनात कामगारांच्या नावांची एक पितळी पाटीही लागणार होती.

हे कळल्यावर आर्लिस कोसिक मंडळाच्या अध्यक्षाकडे, गॉर्डन मास्तरकडे गेली. दोघं एका वर्गातली.

“पाटीवर व्हर्नाचं नाव घाल,” ती म्हणाली. व्हर्ना तिची धाकटी बहीण, दोन वर्षांपूर्वी वारलेली.

“मी बघितलं गं. कंपनीच्या कागदात ती नाही.”

“कागदात कशी असेल? रोजावर होती ती. दुसरी शेड उघडली तेव्हा अर्ध्या गावच्या पोरी रोजावर होत्या.”

“असेल ना, मी कुठं नाही म्हणतोय? पण आज व्हर्नाचं घातलं की उद्या जो तो आपापली आत्या घेऊन येईल. काहीतरी पुरावा हवा.” गॉर्डन जरा घुटमळला. “शिवाय पाटी आधी हाल्वर्सनना दाखवावी लागते.”

“म्हणजे पैसे त्याचे, आणि कोण राबलं तेही तोच ठरवणार.”

“तसं नाही गं आर्लिस.”

“तसंच आहे रे.”

आर्लिस उठली. पुरावा तिच्या स्वयंपाकघरात होता, पण ते तिनं सांगितलं नाही. तिथंच सगळं फसलं.

ती दुसऱ्या शेडची वर्षं गावात अजून सोन्याची म्हणून सांगतात. शिकागोच्या एका बड्या दुकानाची मागणी आली होती, यंत्रांना उसंत नव्हती. आर्लिस जोडणीवर होती. पत्रा दाबायच्या यंत्रावर माणसं कमी पडली म्हणून व्हर्नाला घेतलं. त्याच वसंतात आर्लिसचं लग्न ठरलं, आणि लग्नासाठी तिनं कारखान्यातूनच शेगडी घेतली.

आमच्याकडे चर्चच्या जेवणाला घरून पदार्थाचं भांडं न्यायचं तर बाई त्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून वर नाव लिहिते. नाहीतर भांडं परत येत नाही. कारखान्यातल्या बायकांनी हीच चाल तिथं नेली होती. कुणा मुलीचं लग्न ठरलं की तिच्या शेगडीचा मागचा पत्रा लावण्याआधी त्याच्या आतल्या अंगाला सगळ्यांनी खिळ्यानं आपापलं नाव कोरायचं, मग स्क्रू आवळायचे. मुकादमाला दिसलं असतं तर कंपनीच्या मालाची नासधूस केली म्हणून घरी बसवलं असतं. म्हणून बायका त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

आर्लिसच्या पत्र्यावर व्हर्नानं सगळ्यांत मोठं लिहिलं. आपलं पूर्ण नाव, आणि खाली, ‘नवऱ्याची अंडी करपवू नकोस’. तिचं अक्षर देखणं होतं, शाळेत बक्षीस मिळालेलं. लग्न झालं, आणि महिन्याच्या आत त्या यंत्रानं व्हर्नाचा उजवा हात मनगटापासून नेला. आर्लिसचे वडील कचेरीत गेले, तर थोरल्या हाल्वर्सनचा माणूस म्हणाला, या नावाची मुलगी आमच्याकडे नाहीच. गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरं काय!

व्हर्ना जन्मभर बहिणीकडे राहिली. डाव्या हातानं लिहायला शिकली, पण कोंबडीचे पाय ते कोंबडीचे पायच. त्याच शेगडीवर एका हातानं रांधायची आणि कुणी शेगडी सरकवायला आलं की म्हणायची, “जपून हं! माझा उजवा हात तिच्यामागे आहे.” ऐकणारे गांगरायचे. दोघी बहिणी खिदळायच्या.

आर्लिस मात्र म्हातारी होईपर्यंत त्याच कारखान्यात जात राहिली. लाज वाटली नाही का? वाटली. पण घरात खाणारी तोंडं होती आणि गावात दुसरा मालक नव्हता.

आता पुरावा हवा म्हणता? घ्या. तिनं शेगडी प्रदर्शनाला दिली. आतल्या नावांविषयी मात्र तोंड मिटून बसली. गॉर्डनला सांगितलं की तो हाल्वर्सनला सांगणार, आणि मग तो पत्रा काही उघडत नाही, हे तिचं गणित. त्यापेक्षा भरल्या सभेत स्वतः स्क्रू काढायचे आणि धाकट्या हाल्वर्सनला म्हणायचं, चष्मा लाव आणि मोठ्यानं वाच. रात्रंदिवस ती हेच मनात घोळवत होती. पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर टाकून ठेवला होता.

शेगडी न्यायला नॉर्बर्ट आला, मंडळाचा निवृत्त प्लंबर.

“मागची बाजू सांभाळ रे बाबा,” आर्लिस म्हणाली.

“फुलासारखी नेतो! काळजीच सोड.”

प्रदर्शनाच्या संध्याकाळी स्टेशन गच्च भरलं. आर्लिसनं बटाट्याचं सॅलड केलं होतं, व्हर्नाच्या निळ्या भांड्यात. गॉर्डन बोलला. वाढ, वाढ आणि वाढ. शेडी वाढल्या, मागणी वाढली, गावाची कीर्ती वाढली. कशाच्या जिवावर वाढली, तेवढं राहिलं. मग तो म्हणाला, “आता आपल्या आर्लिससाठी एक गंमत!” आणि नॉर्बर्टनं चादर ओढली.

शेगडी नवीकोरी होती. जुना पिवळटपणा नाही, आर्लिसच्या कढयांचे डाग नाहीत, कोपऱ्याचा टवका नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. आर्लिस उठली, पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला.

“मागचा पत्रा उघडायचाय मला.”

“उघड की!” नॉर्बर्टला आनंदच झाला. त्यानंच भराभर स्क्रू काढले. “आतूनही बघा म्हणावं लोकांना!”

आत दुधासारखा पांढरा रंग होता.

“इथं काहीतरी होतं,” आर्लिस म्हणाली.

“होतं ना! खिळ्यानं खरवडून ठेवलेलं कुणीतरी. पोराटोरांचे उद्योग. वाळूचा फवारा मारला, एका दमात साफ. वर दोन हात रंग. कारखान्यातून निघाली तेव्हा पण आतून अशी नसेल!”

“काय लिहिलं होतं?”

“कोण वाचतंय! नावंबिवं असतील.”

मग आर्लिस बोलली. लग्न, खिळा, नावं, यंत्र, हात, सगळं, उभ्या उभ्या, स्क्रूड्रायव्हर मुठीत धरून. धाकटा हाल्वर्सन पहिल्या रांगेत होता. तो माणूस उद्धट नाही, आवाज मऊ आहे.

“फार वाईट झालं,” तो म्हणाला. “पण बाई, तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?”

तुमच्यावर विश्वास नव्हता म्हणून, हे खरं होतं. पण विश्वास टाकला असता तर अक्षर वाचलं असतं, हेही खरं होतं. राग आता काढायचा कुणावर? नॉर्बर्टचा चेहरा पार उतरला होता.

“आर्लिस, मी परत लिहून देतो,” तो काकुळतीला येऊन म्हणाला. “माझा हात स्थिर आहे अजून. काय होतं तेवढं सांग.”

“तिचं अक्षर येईल तुला?”

गॉर्डननं घसा खाकरला, म्हणाला, पाटीवर व्हर्नाचं नाव घालायचं आपण पुढच्या बैठकीत बघू, कॉफी निवतेय. मग पाटी उघडली. तिच्यावर आर्लिसचं नाव होतं, ठळक. फोटोसाठी तिला पाटीशेजारी उभं केलं आणि ती उभी राहिली. मालकानं उभं राहा म्हटलं की उभं राहायचं, हे अंगात मुरलेलं. फोटोत ती हसतेय असंही वाटतं.

जेवणं आटोपली. मागच्या खोलीत पाद्र्याची नवी बायको भांडी विसळत होती, बूड उलटं करून चिकटपट्टीवरची नावं वाचत होती. निळं भांडं तिनं दिव्याजवळ धरलं.

“हे कुणाचं हो? नावच लागत नाही. नुसते कोंबडीचे पाय.”

“व्हर्नाचं,” दारातून आर्लिस म्हणाली.

“व्हर्ना कोण? पाटीवरची सगळी नावं वाचली मी आत्ता. व्हर्ना नव्हती.”

“नव्हती.”

“बरं, थांबा हं, विसळून देते.” तिनं नळ सोडला.

आर्लिसनं धावत जाऊन तिचं मनगट धरलं. “विसळू नकोस गं,” ती म्हणाली. “तसंच दे.”