बादलीला बांधलेली पिन

तो कोणत्याही वस्तूला आधी उलटा हात लावायचा. आमच्या फाटकाच्या कडीलासुद्धा. बोटं जराशी वाकवून हाताची पाठ कडीला टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मगच कडी काढून आत यायचं. फाटकात कुठून करंट येणार, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही म्हणायचो.

"उलटा हात झटकल्या जाते ताई," तो सांगायचा. "सरळ हातानं धरलं, का करंट सोडत नाई."

यवतमाळच्या माणसाला हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. होळी झाली की आमच्याकडे घरोघरचे कूलर माळ्यावरून उतरतात. वर्षभराची धूळ झाडायची, बाजूच्या जाळीदार ताट्यांमधलं कुजलेलं गवत काढून नवं भरायचं, पंप साफ करायचा. त्या पंधरा दिवसांत कूलरवाल्याचा भाव नवरदेवापेक्षा जास्त असतो. आर्णी रोडकडच्या आमच्या गल्लीतले सगळे कूलर हा एकटा माणूस लावायचा. तोंडाला दुपट्टा, शर्टाच्या एका खिशात टेस्टर, दुसऱ्यात ऊन लागू नये म्हणून कांदा. संध्याकाळपर्यंत त्याचा आणि कांद्याचा वास एकच होऊन जायचा.

मी पडले मास्तरीण. जवळ टेस्टर असताना हात कशाला, असं मी एकदा विचारलंच.

"टेस्टरचा बल्ब उडते कधी कधी. हात उडत नाई," तो म्हणाला.

कोपऱ्यावरचे निवृत्त तलाठी त्याची फार मस्करी करायचे. "अरे, आमच्या तुळशीले पन लावून पाह्य एकदा!" हा खरंच गेला आणि तुळशीवृंदावनाला हाताची पाठ टेकवून आला. "बरोबर हाय जी," असा निर्वाळाही दिला. तलाठीकाका हसून हसून खोकायला लागले. तो मात्र हसला नव्हता. माझ्या सासूबाईंच्या हातून चहाचा कप घेताना एकदा त्याची हाताची पाठ त्यांच्या मनगटाला लागली आणि तो चटकन म्हणाला, "आजीले ताप हाय." होताच. घरातल्या आम्हा तिघांना पत्ता नव्हता.

कूलर लागला की परेड व्हायची. घरातल्या सगळ्यांनी ओळीनं यायचं आणि चालू कूलरच्या पत्र्याला उलटा हात लावून दाखवायचा. तोवर तो हलायचा नाही. त्यानंतर तो पिशवीतून सुतळी काढायचा. प्लगला आमच्याकडे पिनच म्हणतात. त्या पिनेभोवती सुतळीचं एक टोक बांधायचं आणि दुसऱ्या टोकाचा फास कूलरमध्ये पाणी भरायच्या बादलीच्या कडीत अडकवायचा. बादली बोर्डाखालीच ठेवायची. पाणी भरायला बादली उचलली की पिन आपोआप बाहेर, कूलर बंद. विसरायची सोयच नाही.

आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात अशी खुंट्याला बांधलेल्या म्हशीसारखी एक बादली होती. पाहुणे हसायचे. आम्हीही हसायचो, पण सोडत नव्हतो, कारण तो मे महिन्यात न बोलावता पुन्हा चक्कर मारायचा आणि प्रत्येक घरची दोरी तपासायचा. त्याचे पैसेही घ्यायचा नाही.

"तुमच्या घरी कोणता कूलर आहे भाऊ?" मी एकदा विचारलं.

"मले गर्मी लागत नाई," तो म्हणाला. यवतमाळात, मे महिन्यात. मला ती थाप वाटली आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

मागच्या वर्षीची गोष्ट. माझ्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. मी घर लख्ख केलं, सोफ्याला नवे अभ्रे घातले आणि समोरच्या खोलीतली ती सुतळी सोडून टाकली. बैठकीत दोरीला बांधलेली बादली कुठे शोभते! पाहुणे आले, पोहे खाऊन गेले. पुढे नकार कळवला तो मुलीच्या नोकरीवरून, दोरीचा त्यात काही संबंध नव्हता. पण दोरी सुटली ती सुटलीच.

चार दिवसांनी, दुपार कलताना, मी दारासमोरच्या ओट्यावर कैऱ्या किसत होते. मुलगी अंगणातून कूलरमध्ये पाणी ओतत होती. कूलर घरघर चालूच होता. एवढ्यात फाटक धाडकन भिंतीवर आदळलं. मेच्या चकरेला निघालेला तो आत धावत आला होता. कडीला उलटा हात न लावता, सरळ मुठीत धरून. तेवढं एकदाच मी पाहिलं. चपलांसकट घरात घुसून त्यानं पिन ओढली आणि ओरडला, "दूर हो! दूर हो बाप्पा!"

मुलीच्या हातून बादली पडली. तिला काही झालं नव्हतं. तो मात्र पिन हातात धरून उंबऱ्यावर बसला होता.

"दोरी कोनं सोडली?"

मी घाबरले होते आणि घाबरले की माझी जीभ तिखट होते. मी म्हटलं, "मी सोडली. आमचं घर आहे. आमच्या घरी काय कोणी मरून राह्यलं का भाऊ?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "नाई ताई," म्हणाला. "मरू नये म्हनून म्हन्तो." पिन हळूच खाली ठेवली, पडलेली बादली सरळ केली आणि गेला. जाताना फाटक लावायला विसरला.

तलाठीकाकांनी कोपऱ्यावरून सगळं ऐकलं होतं. काठी टेकत आले. "काय बोलल्या हो मॅडम तुमी! त्याची पोरगी कूलरलेच चिकटून गेली. तुमाले माहीत नाई?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो आमच्या घरी येत होता आणि मी त्याचा फक्त टेस्टर नि कांदा पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी मी पत्ता विचारत त्याच्या घरी गेले. गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्या. त्याच्या बायकोनं माठातलं पाणी दिलं. तो अंगणात फडकं घेऊन एक जुना कूलर पुसत होता. नुसता पत्र्याचा सांगाडा. पंखा नाही, पंप नाही, वायर नाही.

तोच बोलला, पुसता पुसता. "सीझन होता ताई. पोट्टी म्हने, बाबा, सगळ्याचे कूलर लावता, आपला कवा लावसान? मंग सकाळी निघता निघता लावला. खिशात पिन नव्हती. म्हटलं, संध्याकाळी आनतो. वायर सोलली, बोर्डात खुपसली, वरून आगपेटीच्या काड्या ठोकल्या." फडकं थांबलं. "दुपारी तिनं पानी भराले घेतलं. मीच शिकवलं होतं तिले, का पानी भरताना पयले पिन काढाची. तिनं पाह्यली असंन. पिनच नव्हती."

"तुमच्या पोरीएवढीच असती आता," दारातून त्याची बायको म्हणाली.

मग त्यानं हाताची पाठ त्या पत्र्याला टेकवली आणि थांबला. नेहमीपेक्षा जास्त वेळ. "लावा ताई," म्हणाला. मी उलटा हात लावला. उन्हानं पत्रा तापलेला होता, चटका बसला, पण मी हात काढला नाही.

मी माफी मागायला गेले होते. ती काही तोंडातून निघेना. शेवटी एवढंच म्हटलं, "भाऊ, दोरी द्या." त्यानं पिशवीतून सुतळी काढली, हातभर मोजून तोडली आणि माझ्या हातात दिली. मी घरी येऊन ती स्वतः बांधली.

दिवाळीनंतर तो गेला. छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं, दोन दिवसांत संपलं. आमची सगळी गल्ली पोचवायला गेली होती. तलाठीकाका काही केल्या घरी परतायला तयार नव्हते.

यंदा कूलर लावायला नवा माणूस आला, एका कानाला फोन लावलेला. सुतळी पाहून हसला आणि कापायला पकड काढली. माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत, पण खाटेवरून अशा गरजल्या की त्याच्या हातून फोन पडला. "खबरदार! अन् आधी उलटा हात लाव!" लावला बिचाऱ्यानं.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तीन मजली घर आहे. ऊन उतरलं की त्याची सावली एकेका अंगणावरून आमच्याकडे सरकत येते. ज्या कूलरवर सावली आली त्यात पाणी भरायचं, अशी इथली रीत. कुणीतरी बादली उचलतं, पिन निघते, तेवढ्या घरापुरती घरघर थांबते. आधी तलाठीकाकांच्या घरची, मग शिवणकामवाल्या वहिनींची, मग त्यांच्या शेजारची. दिवसभर गल्लीत भरून राहिलेला आवाज एकेका घरी गप्प होत आमच्या बाजूला येतो. आमचा कूलरवाला मे महिन्याच्या चकरेला अगदी याच क्रमानं यायचा. पहिल्या दिवशी हे लक्षात आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आता मी वाट बघते.

शेजारचा कूलर थांबला की मी उठते. फाटकाची कडी वाजत नाही, पण नजर तिकडे जातेच. मग बादली उचलते. पिन निघते, घर गप्प होतं. त्याला आत यायला लागेल एवढा वेळ मी बादली हातात धरून उभी राहते, आणि मग पाणी भरते.