पहिला घोट जमिनीचा

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच दिवसांतला दुष्काळ. समोरच्या शाळेत रशियाकडच्या कलाकारांचा कार्यक्रम होता. त्यांतला एक काल्मिक, म्हणजे तिकडच्या गवताळ माळावरच्या जमातीतला, गवई दुभाष्यासोबत आमच्या ओसरीवर टेकला. नाव विसरले बघा, गळा मात्र अजून कानात आहे. मी पेलाभर पाणी दिलं, तर यानं बोटं बुडवून आधी अंगणात शिंपडलं!

सासूबाई कडाडल्या, "अहो पाव्हणं, टँकरचं पाणी हाय! सांडून काय राह्यलात?"

दुभाषी म्हणाला, "त्यांचा मुलूखही असाच कोरडा. पहिला घोट ते जमिनीला देतात."

सासूबाईंनी आपला पेला पुढं केला. "मग आमच्या वाटचं बी शिंपडा."

त्यानं शिंपडलं अन् तिथंच गायला लागला. एकाच गळ्यातून खाली मधमाश्यांचा घुमारा, वर बारीक शीळ. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, देवापुढं करतात तसा.