हा डायनासोर नाही

पाठीवर शीड उभारलेला तो चार पायांचा प्राणी डायनासोर म्हणून कुठे दिसला की आजही माझी कानशिलं तापतात. बागेत, वहीच्या कव्हरवर, खेळण्यांच्या पाकिटात, सगळीकडे तीच बोंब. त्याचं नाव डायमेट्रोडॉन. पहिला डायनासोर जन्माला यायच्या कोट्यवधी वर्षं आधीच हा बिचारा संपला होता.

माझा राग जुना आहे. नव्वदच्या दशकात मी नाशिकला प्राणिशास्त्र शिकत होते. गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलनीच्या गणेश मंडळाने देखाव्यासाठी मान हलवणारा एक यांत्रिक प्राणी भाड्याने आणला. मंडळाचे सेक्रेटरी काका झेंडूचे व्यापारी. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"डायनासोरची माहिती लिहून दे. तुझ्याच आवाजात कॅसेट करू."

मी हरखले. जाऊन बघते तर हा शीडवाला. मग खपून खपून लिहिलं. पहिलंच वाक्य, "हा डायनासोर नाही." पुढे लिहिलं, की दिसायला सरड्यासारखा असला तरी हा आपल्या, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या, भाऊबंदांतला. त्याच्या कवटीत प्रत्येक डोळ्यामागे एकच भोक, जबड्याच्या स्नायूसाठी. आपल्याकडे ती जागा म्हणजे कानशील. तिथे बोट ठेवून दात आवळा, हललेलं कळेल.

काकांनी कागद वाचला आणि माझ्याकडे बघितलं. "लोक डायनासोर बघायला येणार हायेत. भाऊबंद माझे सटाण्याला हायेत तेवढे लय झाले."

मी हट्टाला पेटले. शेवटी ते म्हणाले, "बरं बाई, तुझंच खरं." रेकॉर्डिंगला मी 'नाही'वर चांगला जोर दिला. कॉलेजातल्या आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडमना मुद्दाम ऐकायला बोलावलं. त्यांच्यासमोर काहीतरी करून दाखवायचं हीच तर सगळी हौस होती.

त्या पहिल्याच संध्याकाळी आल्या. दिवे लागले, प्राण्याने मान फिरवली आणि माझा आवाज घुमला, "हा डायनासोर..." त्यावर एक भलीमोठी डरकाळी. 'नाही' त्या डरकाळीने गिळलं. पुढे भाऊबंद नाहीत, कानशील नाही. कोणीतरी खर्जातला माणूस सांगू लागला, पृथ्वीवर राज्य करणारा महाकाय वगैरे.

मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आवाज छान आहे हं तुझा." मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खुलासा करायच्या आत त्या गर्दीत निघूनही गेल्या.

मी तडक काकांना गाठलं. "माझ्या तोंडून खोटं वदवलंत तुम्ही."

"अगं, आवाज तर तुझाच ठेवला ना?" काकांनी उपकार केल्यासारखं सांगितलं.

विसर्जनापर्यंत रोज संध्याकाळी मी अख्ख्या कॉलनीला खोटं सांगत राहिले. आई म्हणायची, सोड गं, बाप्पाचं काम आहे. बाप्पाचं कसलं, गर्दी जमवायचं काम.

कहर पुढेच होता. आमच्या देखाव्याला बक्षीस मिळालं. कशाचं, तर उत्कृष्ट शैक्षणिक देखाव्याचं. काकांनी मला स्टेजवर बोलावलं, हातात नारळ दिला आणि माइकवरून सांगितलं, "हा आमच्या डायनासोरचा आवाज."

लोक टाळ्या वाजवत होते. मी दात आवळले. कानशिलावरचा स्नायू हलला. तेवढं मात्र काकांना कापता आलं नव्हतं.